वॉलेस आडनावाचा इतिहास व भौगोलिक प्रसार : एअरशायर ते शिरूर

सारांश

वॉलेस हे स्कॉटलंडमधील एक प्राचीन आडनाव होय. 'परका' किंवा 'परभाषी' असा त्याचा मूळ अर्थ आहे. बाराव्या शतकात नैर्ऋत्य स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात हे आडनाव प्रथम आढळते. तेथून ते आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि लष्करी सेवेच्या निमित्ताने भारतातही पोहोचले. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथे १८०९ साली मरण पावलेल्या कर्नल विल्यम वॉलेस याच्या समाधीची 'सत्पुरुष' म्हणून पूजा होत असल्याची नोंद १८८५ च्या गॅझेटिअरमध्ये आहे. प्रस्तुत लेखात या आडनावाची व्युत्पत्ती, इतिहास व प्रसार यांचा आढावा घेतला असून, शिरूरच्या लोकस्मृतीत आडनाव मागे पडून व्यक्ती कशी उरली याचा विचार केला आहे.

महत्त्वाचे शब्द : आडनाव, व्युत्पत्ती, स्थलनाम, स्कॉटलंड, शिरूर, लोकश्रद्धा.

१. प्रस्तावना

आडनाव हे केवळ कुटुंबाचे चिन्ह नसते. त्यात गाव, व्यवसाय, अधिकारपद, शरीराचे वैशिष्ट्य किंवा पूर्वजांचे मूळस्थान यांपैकी काही ना काही साठवलेले असते. मराठीत 'कर' प्रत्यय लागलेली आडनावे गावावरून आली, तर कुलकर्णी, देशमुख, पाटील ही वतनावरून आली. आडनाव आणि गाव यांचा संबंध उलट्या दिशेनेही जातो. शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे, मांडवगण फराटा व पिंपळे जगताप किंवा दौंड तालुक्यातील गलांडवाडी व लडकतवाडी ही गावे घराण्यांच्या नावांनी ओळखली जातात. मावळातील तळेगाव दाभाडे आणि शिरूरचे तळेगाव ढमढेरे यांतील फरक तर आडनावानेच कळतो.

याच शिरूर परिसराशी एका स्कॉटिश आडनावाचा संबंध दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी आला. तो संबंध समजून घेण्यासाठी प्रथम त्या आडनावाच्या मूळस्थानाकडे वळणे आवश्यक आहे.

२. व्युत्पत्ती

वॉलेस हा शब्द अँग्लो-नॉर्मन फ्रेंच भाषेतील 'वालेइस' या शब्दापासून आला. त्याच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतील 'वेअल्ह' हा जर्मानिक शब्द आहे. आपली भाषा न बोलणारा, परका, असा त्याचा अर्थ होता. ब्रिटन बेटात आलेल्या अँग्लो-सॅक्सन टोळ्यांनी तेथील मूळच्या केल्टिक भाषिकांना हे नाव दिले. वेल्स या प्रदेशाचे नाव व कॉर्नवॉल या नावाचा उत्तरार्ध याच धातूतून आला. युरोपात इतरत्र वालून व वालाकिया ही नावे त्याच कुळातील आहेत. अक्रोडाला इंग्रजीत 'वॉलनट' म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ 'परमुलखातील कठीण कवचाचे फळ' असाच आहे.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. जे लोक त्या भूमीवर आधीपासून राहत होते त्यांनाच नंतर आलेल्यांनी 'परके' ठरवले. नाव कोणाला मिळाले यापेक्षा ते कोणी दिले, हे अशा आडनावांत अधिक महत्त्वाचे असते. मराठीतही तेलंग, कानडे, गुजर अशी प्रदेश वा भाषा दर्शवणारी आडनावे आहेत. अर्थाच्या दृष्टीने वॉलेसला सर्वांत जवळचे मराठी आडनाव म्हणजे 'परदेशी'. उत्तर हिंदुस्थानातून येऊन महाराष्ट्रात स्थिरावलेल्या अनेक कुटुंबांना ते मिळाले. कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिले, मराठी झाले, तरी आडनावात परकेपण तसेच राहिले.

वॉलिस, वॉल्श व वेल्श ही आडनावेही याच अर्थाची आहेत. वॉल्श प्रामुख्याने आयर्लंडमध्ये, वॉलिस इंग्लंडमध्ये, तर वॉलेस स्कॉटलंडमध्ये रूढ झाले. एकाच अर्थाचा शब्द प्रदेशानुसार तीन निराळ्या रूपांत स्थिर झाला.

३. एअरशायरमधील आरंभ

क्लाइड नदीच्या खोऱ्यात स्ट्रॅथक्लाइड हे ब्रिटन लोकांचे राज्य अकराव्या शतकापर्यंत टिकून होते. त्यांची भाषा वेल्श भाषेच्या जवळची होती. डम्बार्टन हा त्यांचा प्रमुख किल्ला असून त्या नावाचा अर्थच 'ब्रिटनांचा किल्ला' असा आहे. वॉलेस घराण्याचे पूर्वज या स्थानिक ब्रिटनांपैकी असावेत, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार हे घराणे वेल्सच्या सीमेवरील श्रॉपशायर भागातून आले. स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याने बाराव्या शतकात वॉल्टर फिट्झ अॅलन या सरदारास आपला प्रमुख कारभारी नेमले. तो श्रॉपशायरचा होता व त्याच्याबरोबर त्या भागातील अनेक आश्रित स्कॉटलंडमध्ये आले. दोन्ही मतांत आडनावाचा अर्थ एकच राहतो. प्रश्न उरतो तो एवढाच, की परका म्हटला गेलेला मनुष्य तेथलाच होता की खरोखर बाहेरून आला होता.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिचर्ड वालेन्सिस या नावाचा जमीनदार एअरशायरमध्ये होता. 'वालेन्सिस' हे आडनावाचे लॅटिन रूप होय. त्याच्या नावावरून 'रिचर्डचे गाव' या अर्थाने रिकार्टन हे गाव ओळखले जाऊ लागले. तळेगावास जसे ढमढेऱ्यांचे नाव चिकटले, तसेच येथेही गावाने माणसाचे नाव धारण केले.

४. विल्यम वॉलेस व आडनावाची प्रतिष्ठा

या आडनावास जगभर ओळख मिळाली ती सर विल्यम वॉलेस या स्वातंत्र्ययोद्ध्यामुळे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्याविरुद्धच्या लढ्यात ११ सप्टेंबर १२९७ रोजी स्टर्लिंग पुलाच्या लढाईत वॉलेस व अँड्र्यू मरे यांनी इंग्रज सैन्याचा पराभव केला. पुढील वर्षी २२ जुलै १२९८ रोजी फॉल्कर्क येथे स्कॉटिश सैन्य पराभूत झाले. २३ ऑगस्ट १३०५ रोजी लंडन येथे वॉलेसला देहदंड देण्यात आला.

त्याच्या कुळाविषयी परंपरा व कागद यांत तफावत आहे. पंधराव्या शतकातील अंध हॅरी या कवीने त्याच्या पित्याचे नाव माल्कम असे दिले आणि रेन्फ्रूशायरमधील एल्डरस्ली हे त्याचे गाव म्हणून प्रसिद्धीस आले. मात्र ऑक्टोबर १२९७ मध्ये जर्मनीतील ल्यूबेक शहरास पाठवलेल्या पत्रावरील मुद्रेत तो स्वतःस अॅलनचा पुत्र म्हणवतो. १२९६ साली एडवर्डपुढे निष्ठा व्यक्त करणाऱ्यांच्या यादीत एअरशायरमधील अॅलन वालेइस असे एक नावही आहे. कुळाचा इतिहास लिहिताना समकालीन मुद्रा व उत्तरकालीन काव्य यांचे मोल सारखे मानता येत नाही, हे बखरींच्या अभ्यासकांस परिचित असलेले तत्त्व येथेही लागू पडते.

'परका' या अर्थाचे आडनाव धारण करणारा पुरुष स्कॉटिश राष्ट्राचे प्रतीक ठरला. १८६९ साली स्टर्लिंगजवळ त्याचे भव्य स्मारक पूर्ण झाले. तोपर्यंत आडनावाचा मूळ अर्थ लोकांच्या बोलण्यातून पूर्णपणे पुसला गेला होता.

५. भौगोलिक प्रसार

आडनावाचे मूळ केंद्र एअरशायर व रेन्फ्रूशायर हेच राहिले. सतराव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात स्कॉटिश शेतकऱ्यांची वसाहत करण्यात आली. एअरशायरहून तेथे जाण्यास समुद्राचा अरुंद पट्टा ओलांडणे पुरेसे असल्याने वॉलेस कुटुंबे उत्तर आयर्लंडमध्ये पसरली. अठराव्या शतकात अल्स्टरमधून अमेरिकेकडे मोठे स्थलांतर झाले. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष असलेले हेन्री वॉलेस यांचे घराणे याच परंपरेतील होते. अमेरिका व कॅरिबियन बेटांतील आफ्रिकी वंशाच्या अनेक कुटुंबांतही स्कॉटिश आडनावे आढळतात. त्यांच्या मागे रक्ताचे नाते असेलच असे नाही, गुलामगिरीचा इतिहास मात्र आहे. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडा येथेही हे आडनाव पोहोचले.

निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस (१८२३–१९१३) यांचा जन्म वेल्सच्या सीमेवरील अस्क गावचा. आशिया व ऑस्ट्रेलिया यांच्या प्राणिसृष्टीतील सीमारेषा 'वॉलेस रेषा' या नावाने ओळखली जाते. अशा रीतीने हे आडनाव भूगोलाच्या नकाशावरही उमटले.

६. महाराष्ट्रातील स्कॉटिश आडनावे

महाराष्ट्रात स्कॉटिश आडनावे प्रामुख्याने दोन मार्गांनी आली. पहिला मार्ग सत्ता व संस्था यांचा. डम्बार्टन येथे जन्मलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे नाव मुंबईच्या महाविद्यालयास मिळाले. त्याच नावाचे रेल्वेस्थानक २०१८ साली प्रभादेवी झाले. जॉन माल्कमच्या नावाने महाबळेश्वरची माल्कमपेठ वसली. धर्मोपदेशक जॉन विल्सन यांचे नाव मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात आहे, तर एअरशायरमधील किल्केरनचे सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव पुण्यात १८८५ साली स्थापन झालेल्या महाविद्यालयात आहे. या ठिकाणी माणूस विसरला गेला व आडनाव राहिले. फर्ग्युसन रस्त्यावरून जाणाऱ्या पुणेकरास हे एका माणसाचे आडनाव आहे, याची आठवण क्वचितच होते.

दुसरा मार्ग नोकरी व वस्तीचा. १८७८ साली दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला व दौंड हे महत्त्वाचे जंक्शन बनले. अशा रेल्वे वसाहतींमधून अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती झाली आणि त्यांच्याबरोबर ब्रिटिश बेटांतील आडनावेही आली. स्वातंत्र्यानंतर त्यांपैकी पुष्कळ कुटुंबे परदेशी गेली.

शिरूरचे उदाहरण या दोन्ही मार्गांहून वेगळे आहे.

७. शिरूरचा कर्नल वॉलेस

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. त्यानुसार पेशव्यांच्या प्रदेशात तैनाती फौज ठेवण्यात आली व घोड नदीच्या काठी असलेले शिरूर तिचे ठाणे बनले. पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावरील या गावास आजही घोडनदी म्हणतात. पुण्यावर लक्ष ठेवता येईल आणि नगरकडेही त्वरेने जाता येईल, अशी ही जागा होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावकडे निघालेली कॅप्टन स्टाँटनची तुकडीही येथूनच गेली.

विल्यम वॉलेस हा चौऱ्याहत्तराव्या पायदळ पलटणीतील अधिकारी होता. ही पलटण १७८७ साली हिंदुस्थानातील सेवेसाठी स्कॉटलंडमध्ये उभारण्यात आली होती. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने अहमदनगरच्या पेठेवर केलेल्या हल्ल्यात एका तुकडीचे नेतृत्व वॉलेसकडे होते. २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत तो एका ब्रिगेडचा प्रमुख होता. १८०४ साली होळकरांविरुद्धच्या मोहिमेत त्याने चांदवड घेतले. १८०९ साली शिरूर येथे त्याचा मृत्यू झाला व तेथेच त्यास दफन करण्यात आले.

येथपर्यंतचा वृत्तांत कोणत्याही लष्करी अधिकाऱ्यासारखाच आहे. पुढील भाग मात्र असामान्य आहे. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरनुसार शिरूर व आसपासच्या गावांत वॉलेस 'सत्पुरुष' म्हणून स्मरणात होता. ब्राह्मण व मारवाडी वाणी वगळता इतर हिंदू लोक त्याच्या थडग्याची पूजा करीत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य तेथे आणीत. मृत्यूनंतर तीन पाव शतक उलटल्यावरची ही नोंद आहे.

या नोंदीचा अर्थ लावताना दोन सावधगिरी आवश्यक आहेत. एक म्हणजे गॅझेटिअर हा राज्यकर्त्यांनी सिद्ध केलेला ग्रंथ आहे. आपल्या अधिकाऱ्याची पूजा होते हे सांगण्यात त्यांस समाधान वाटणे स्वाभाविक होते. पूजा करणाऱ्या शेतकऱ्यांचे स्वतःचे शब्द त्यात नाहीत. दुसरे म्हणजे या पूजेस परकीय सत्तेची मान्यता समजणे चुकीचे ठरेल. गावाच्या सीमेवर मरण पावलेल्या सामर्थ्यवान पुरुषास देवत्व देणे, त्याचा कोप होऊ नये व शेत राखले जावे म्हणून पहिले धान्य त्यास अर्पण करणे, ही दख्खनच्या ग्रामजीवनातील जुनी रीत आहे. गावोगावचे वीरगळ व वीरांची ठाणी हीच भावना दर्शवतात. शेतकऱ्यांनी वॉलेसचा धर्म वा पलटण पाहिली नाही. आपल्याच श्रद्धेच्या चौकटीत त्यास स्थान दिले.

आडनावांच्या अभ्यासाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे नावाचा बदल. एल्फिन्स्टन, फर्ग्युसन ही नावे मराठी जिभेने स्वीकारली, परंतु त्या व्यक्तींना आपले मानले नाही. शिरूरच्या लोकांनी व्यक्तीस आपले मानले आणि तिचे आडनाव बाजूस ठेवले.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

१) वॉलेस हे आडनाव मूळचे विशेषण असून ते इतरांनी दिलेले आहे. त्याचा अर्थ 'परका' असा आहे.

२) त्याचा प्रसार एअरशायरहून अल्स्टर, अमेरिका व ब्रिटिश साम्राज्याच्या इतर भागांत शेती, स्थलांतर, गुलामगिरी आणि लष्करी सेवा अशा भिन्न मार्गांनी झाला. समान आडनाव म्हणजे समान कुळ, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

३) आडनावाचा भौगोलिक प्रसार केवळ वंशजांच्या संख्येने मोजणे अपुरे आहे. स्थलनामे, संस्था व समाध्या यांचाही त्यात विचार व्हावयास हवा. शिरूर-दौंड परिसरातील जुनी दफनभूमी, रेल्वे वसाहती व गावांची नावे यांची पद्धतशीर नोंद स्थानिक महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडून होऊ शकते. दगडावरील अक्षरे झिजण्यापूर्वी व वृद्धांच्या आठवणी लोपण्यापूर्वी हे कार्य होणे निकडीचे आहे.

४) बाराव्या शतकात ज्या शब्दाने एका मनुष्यास परका ठरवले, तोच शब्द आडनाव म्हणून वागवणारा एक सेनाधिकारी घोड नदीच्या काठी खऱ्या अर्थाने परका म्हणून आला. तेथील शेतकऱ्यांनी त्यास निराळे नाव दिले. थडग्याचा धनी दप्तरात वॉलेस राहिला, तर शेतकऱ्यांच्या तोंडी तो सत्पुरुष झाला. परकेपणाची खूण असलेले आडनाव गळून पडले, तेव्हाच त्याला त्या गावात स्थान मिळाले.