आधी चिठ्ठी, मग चर्चा

टेबलावर दोन कार्डं. एकावर एक रेघ, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन. पहिलीएवढी कोणती, इतकंच सांगायचं. शाळकरी पोरही चुकणार नाही. पण खोलीतली बाकीची मंडळी एकामागून एक बिनदिक्कत चुकीची रेघ सांगतात आणि मग तुमची पाळी येते. या सगळ्यांना आधीच पढवून ठेवलंय, याचा तुम्हाला पत्ताच नसतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात हा प्रयोग केला. एकट्याने उत्तर देताना चुकांचं प्रमाण १ टक्काही नव्हतं. घोळक्यात मात्र सुमारे ३७ टक्के उत्तरं इतरांची री ओढणारी निघाली. चौघांतल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती नंतरची चाचणी. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचं ठरलं, तेव्हा हे प्रमाण झपाट्याने घसरलं. घोळका समोर होताच. फक्त उत्तरापुरता आडोसा मिळाला होता.

मग हा आडोसा आपण रोज का शोधत नाही? कारण त्यासाठी थोडा वेळ एकटं बसावं लागतं आणि तेच जड जातं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन यांनी २०१४मध्ये लोकांना फोन-पुस्तकाविना १५ मिनिटं रिकाम्या खोलीत बसवलं. सोबत एक बटण, दाबलं की विजेचा झटका. तो टाळायला पैसे मोजू, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरी १८पैकी १२ पुरुषांनी आणि २४पैकी ६ स्त्रियांनी बटण दाबलंच. एका बहाद्दराने तर १९० वेळा! सरासरी काढताना त्याला वगळावं लागलं.

मानसशास्त्रज्ञ थुइ-वी न्युएन आणि सहकाऱ्यांचे २०१८चे प्रयोग थोडा दिलासा देतात. पंधरा मिनिटांच्या एकटेपणाने उत्साह आणि संताप, दोन्हींचा जोर ओसरतो. तो एकांत आपण होऊन घेतला असेल तर मन निवांतही होतं. लादलेल्या एकांताची गोष्टच निराळी. तुरुंगात तर असा एकांत ही शिक्षाच असते.

डोक्यातला गलबला ओसरला की स्वतःचं मत निदान ऐकू तरी येतं. ते टिकवायला कागद लागतो. म्हणून सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा विषय निघाला, तर सचिवांनी चर्चेआधीच चिठ्ठ्या वाटाव्यात. प्रत्येकाने आपलं मत गुपचूप लिहून द्यावं. चिठ्ठ्या गोळा झाल्या की मग काय ती वादावादी खुशाल होऊ द्या.