पिशवी भरते तेव्हा

1991 च्या दिवाळीआधी, घरात माळे आणि फळ्या झाडणे चालू असतानाच, डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत टाय लावलेला एक तरुण भलीमोठी पेटी घेऊन आला. 'काकू, फक्त पाच मिनिटं' असे म्हणत त्याने नळी आणि तोंड यांच्यामध्ये काळे फडके घातले, आईच्या गादीवरून यंत्र फिरवले आणि फडके उघडून दाखवले. त्यावर पांढुरक्या धुळीचा वाटोळा ठसा होता. गाद्या दर रविवारी गच्चीत उन्हात टाकणाऱ्या माझ्या आईचा चेहरा उतरला. तिला दमा होता. वडिलांनी त्याच संध्याकाळी हप्ते बांधून घेतले.

चारेक वर्षांनी ते यंत्र माळ्यावर गेले. पुढे ओळखीच्या घरांत चौकशी करू लागलो तेव्हा कळले की असे माळे पुष्कळ आहेत. गंमत अशी, की त्याच बनावटीचे यंत्र वीस वर्षे वापरणारी आणि त्याच्यावाचून अडते म्हणणारी माणसेही भेटली. एकाला सोफ्याच्या फटीतला केर निघतो याचे अप्रूप, तर दुसऱ्याच्या मते ते आवाज करणारे धूड. दोघेही खरे बोलत होते. मी वाणिज्य शाखेचा, पण वस्तू उघडून बघण्याची खोड जुनी. त्या खोडीतून जे हाती आले ते इथे मांडतो.

यंत्र धूळ 'ओढते' असे आपण म्हणतो. खरे तर पंखा आतली हवा बाहेर टाकतो, आत दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत घुसते. ती वाटेत धूळ घेऊन जाते. म्हणजे नुसता दाबातला फरक पुरत नाही, हवा वाहतीही हवी. नळीचे तोंड तळहाताने बंद करा. ओढ जबरदस्त लागते, पण हवा वाहत नाही, म्हणून कणही हलत नाही. तोंड मोकळे सोडा. हवा भरपूर वाहते, पण ओढ जाणवत नाही. काम होते ते या दोन टोकांच्या मधे कुठेतरी. खोक्यावर ठळक छापलेले 1400 वॅट हा विजेचा खप आहे. त्यातला थोडाच भाग तोंडाशी कामाला येतो. युरोपीय संघाने 2014 मध्ये घरगुती यंत्रांना 1600 वॅटची आणि 2017 मध्ये 900 वॅटची मर्यादा घातली, तरी तिथले गालिचे स्वच्छ होतच राहिले.

आता पिशवी. ती गाळणी आहे. हवा तिच्या छिद्रांतून बाहेर पडते, धूळ आत राहते. छिद्रे बुजली की हवा अडते. पिशवी अर्धी रिकामी दिसत असतानाही हे होते, कारण प्रश्न केराच्या ढिगाचा नसून बारीक पुडीचा असतो. आपल्याकडे तर ऐन दिवाळीत हा प्रयोग घरोघर होतो. भाऊबीज झाली की दारातली रांगोळी यंत्राने उचलायची! रांगोळी म्हणजे शिरगोळ्याची पूड, ती कापडाच्या विणीत जाऊन बसते आणि दोन मिनिटांत यंत्र धापा टाकू लागते. पुष्कळ यंत्रांत हीच वाहती हवा मोटरला थंड ठेवते. हवा अडली की मोटर तापते, जळका वास येतो आणि मालक म्हणतो, 'वस्तूच खराब निघाली.' वीस वर्षे समाधानी असलेल्या एका गृहस्थांना रहस्य विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, 'पिशवी दर वेळी झटकतो. बाहेर. खाली जाऊन.'

जेम्स डायसन या इंग्रज माणसाला हाच राग आला होता. पिशवीऐवजी हवा भोवऱ्यासारखी फिरवून धूळ बाजूला फेकणारे यंत्र बनवण्यासाठी त्याने 5,127 नमुने केले असे तो सांगतो. त्याच्याच कंपनीने युरोपीय संघाच्या ऊर्जा-लेबलला न्यायालयात आव्हान दिले. मुद्दा साधा होता : चाचणी रिकाम्या यंत्रावर होते, घरात मात्र ते रिकामे नसते. नोव्हेंबर 2018 मध्ये न्यायालयाने हे मान्य केले आणि ते लेबल गेले. आमच्या गादीवर झालेली चाचणीसुद्धा कोऱ्या पिशवीचीच होती.

काळ्या फडक्याची युक्तीही त्या तरुणाची नव्हे. 1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ याने उपाहारगृहातल्या खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली. त्याला ठसका लागला, पण रुमालावर धुळीचा डाग पडला. मग त्याने घोडागाडीवर अवजड यंत्र बसवले. ते रस्त्यात उभे राही आणि नळ्या खिडक्यांतून घरात जात. घरात मावेल असे यंत्र केले ते अमेरिकेतल्या ओहायोत, जेम्स मरे स्पँगलर या सफाई कामगाराने. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा बळावत असे. त्याने मोटर, झाडूचा दांडा आणि पिशवी म्हणून उशीचा अभ्रा जोडला. 1908 मध्ये त्याला पेटंट मिळाले, पुढे ते हूवर यांनी विकत घेतले.

अभ्र्याचे वाचले तेव्हा मी थबकलो. आई जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. माळ्यावरून यंत्र काढले, पिशवी पाहिली. साधे जाड कापड. रात्री खोलीत अंधार केला, यंत्र सुरू केले आणि मागच्या जाळीतून हवा बाहेर पडते तिथे टॉर्चचा झोत आडवा धरला. झोतात धूर असावा तशी बारीक धूळ वर चढत होती. जाड केर पिशवीत राहत होता. गादीतल्या सूक्ष्म किड्यांच्या विष्ठेचा चुरा आणि तसलेच हलके कण, जे जमिनीवर निपचित पडून असते तर बरे, ते छातीच्या उंचीवर येत होते. केरसुणीही धूळ उडवते, पण आई झाडताना नाकाला पदर लावी. यंत्र चालू असताना मात्र तो लावायची गरज नाही असे आम्हीच तिला सांगितले होते. संध्याकाळी तिला धाप लागली की घरात धूळ राहिली असे समजून आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गादीवर यंत्र फिरवत असू.

हल्ली 'हेपा' गाळणीची यंत्रे मिळतात. नेहमीच्या मानकाप्रमाणे अशी गाळणी 0.3 मायक्रॉनच्या दहा हजार कणांपैकी तीनच कण सोडते. पण हा हिशेब गाळणीचा, यंत्राचा नव्हे. झाकणाचे रबर सैल असेल तर हवा गाळणीला वळसा घालून फटीतून निघून जाते. म्हणून घेताना दुकानात गाळणी काढून पुन्हा बसवून पाहावी, ती घट्ट बसते का आणि बदली गाळणी गावात मिळते का हे विचारावे. घरात कुणाला दमा असेल तर त्याने यंत्र चालवू नये आणि पिशवी झटकू नये. आणि टॉर्चचा प्रयोग पहिल्या रात्रीच करून पाहावा, पिशवी थोडी भरल्यावर पुन्हा एकदा.