स्टॉक कार शर्यती आणि जुन्या चाहत्यांची साक्ष

अमेरिकेच्या आग्नेय भागात, विशेषतः नॉर्थ व साउथ कॅरोलिना, जॉर्जिया, व्हर्जिनिया, टेनेसी आणि अलाबामा या राज्यांत, मोटार शर्यतींचा जो प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर रुजला, त्याला स्टॉक कार रेसिंग म्हणतात. शर्यतीसाठी मुद्दाम घडवलेल्या, उघड्या चाकांच्या गाड्यांऐवजी विक्रेत्याच्या दालनातून कोणालाही विकत घेता येतील अशा बंद छपराच्या गाड्या पळवायच्या, ही त्यामागची मूळ कल्पना होती. बिल फ्रान्स यांनी डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातील डेटोना बीच येथील स्ट्रीमलाइन हॉटेलात चालक, गाड्यांचे मालक आणि आयोजक यांची बैठक बोलावली आणि तिच्यातून फेब्रुवारी १९४८ मध्ये ‘नॅशनल असोसिएशन फॉर स्टॉक कार ऑटो रेसिंग’, म्हणजेच नॅसकार, ही नियामक संस्था आकाराला आली. तिची सूत्रे आजही फ्रान्स घराण्याकडे आहेत.

या खेळाचा इतिहास संस्थेच्या नियमपुस्तकांत सापडतो, तसाच तो दोन-तीन पिढ्या त्याच मैदानावर, बहुधा त्याच रांगेत बसून शर्यती पाहणाऱ्या कुटुंबांच्या स्मरणातही सापडतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या जुन्या चाहत्यांनी ‘शर्यती पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत’ अशी तक्रार सातत्याने केली आहे. प्रत्येक खेळाच्या वृद्ध प्रेक्षकाला तारुण्यातला खेळ श्रेष्ठ वाटतो, असे म्हणून ती बाजूला सारणे सोपे असले तरी ते न्याय्य ठरणार नाही. कारण तिचे बारकाईने परीक्षण केले, तर तिच्या मुळाशी गाडीचे रस्त्यावरील गाडीशी, शर्यतीचे गावाशी आणि विजेतेपदाचे वर्षभराच्या कष्टांशी असलेले नाते आढळते.

यांतील पहिले नाते सर्वांत जुने आहे. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथील मातीच्या ट्रॅकवर नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेची पहिली शर्यत झाली, तेव्हा ग्लेन डनवे यांची गाडी प्रथम आली. परंतु तिच्या मागच्या स्प्रिंगा बदलून ताठ केल्याचे तपासणीत आढळल्यामुळे त्यांना बाद करून जिम रोपर यांना विजेते घोषित करण्यात आले. कर चुकवून गाळलेली दारू डोंगराळ रस्त्यांवरून रातोरात वाहून नेणारे लोक भारामुळे गाडीचे मागचे अंग खाली बसू नये म्हणून असे बदल करीत असत, आणि त्या काळातील अनेक चालकांनी व यांत्रिकांनी आपले कसब याच व्यवसायात मिळवले होते. म्हणजे ‘दालनातली गाडी’ आणि ‘सुधारलेली गाडी’ यांच्यातील ओढाताण खेळाच्या जन्मापासूनच त्याच्या पोटात होती. तरीही १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात हडसन हॉर्नेट जिंकू लागली, तेव्हा ती कोणाच्याही अंगणात दिसू शकणारी गाडी होती. आणि १९६९-७० मध्ये डॉज चार्जर डेटोना व प्लिमथ सुपरबर्ड या लांब नाकाच्या, मागे उंच पंख असलेल्या गाड्या शर्यतीत उतरल्या, तेव्हा तशाच गाड्या सामान्य ग्राहकांना विकण्यासाठी ठरावीक संख्येने बनवणे कंपन्यांना नियमानेच बंधनकारक होते. कुटुंब फोर्डचे की शेव्हरोलेचे, हा प्रश्न या राज्यांत निष्ठेचा मानला जाई, त्याचे कारण हेच होते.

पुढे सुरक्षितता आणि खर्च यांच्या रेट्यामुळे शर्यतीची गाडी पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर बांधली जाऊ लागली व दालनातल्या गाडीशी तिचे साम्य बाह्य आकारापुरते उरले. २००७ मध्ये आलेल्या ‘कार ऑफ टुमॉरो’ने तेही साम्य जवळजवळ पुसले, कारण सर्व कंपन्यांच्या गाड्यांचे अंग एकाच साच्याचे झाले आणि भेद केवळ चिकटचित्रांचा राहिला. त्यावर चाहते आणि उत्पादक या दोघांनीही नापसंती दर्शवल्यामुळे २०१३ च्या सहाव्या पिढीच्या गाडीत कंपन्यांची ओळख पुन्हा आणली गेली. २०२२ पासून वापरात असलेल्या ‘नेक्स्ट जेन’ गाडीचे बहुतेक महत्त्वाचे भाग मात्र नेमून दिलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात, ते संघांना स्वतःच्या कार्यशाळेत बनवता येत नाहीत. यामुळे लहान संघांना बळ मिळाले, हे खरे आहे. पण नियमांतील फट शोधून गाडी वेगवान करणाऱ्या स्मोकी युनिक यांच्यासारख्या यांत्रिकाची परंपरा आक्रसली, हा जुन्या चाहत्यांचा आक्षेपही तितकाच खरा आहे. गाड्या अत्यंत समान झाल्यामुळे आणि पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत मागच्या गाडीची पकड कमी होत असल्यामुळे लहान ट्रॅकवर पुढे निघणे अवघड बनले. २०२६ च्या हंगामापासून अशा ट्रॅकवर इंजिनाची शक्ती ६७० वरून ७५० अश्वशक्तीपर्यंत वाढवण्याचा निर्णय नॅसकारने घेतला, तो चालक व चाहते यांच्या दीर्घ आग्रहानंतर.

दुसरे नाते गावाशी आहे. व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिल हा ०.५२६ मैलाचा, म्हणजे जेमतेम साडेआठशे मीटरचा ट्रॅक १९४९ पासून दरवर्षी सर्वोच्च मालिकेच्या वेळापत्रकात राहिला आहे. पण हे भाग्य सर्व गावांच्या वाट्याला आले नाही. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरपायथ्याचा नॉर्थ विल्क्सबोरो हा ट्रॅक दोन उद्योजकांनी विकत घेतला आणि १९९६ नंतर त्याच्या दोन शर्यती न्यू हॅम्पशायर व टेक्सास येथील मोठ्या मैदानांकडे वळवण्यात आल्या. रॉकिंगहॅम येथील सर्वोच्च मालिकेची शेवटची शर्यत २००४ मध्ये झाली. साउथ कॅरोलिनातील डार्लिंग्टन येथे १९५० पासून कामगार दिनाच्या सुटीत भरणारी ‘सदर्न ५००’ ही पाचशे मैलांची शर्यत अनेक कुटुंबांच्या वार्षिक रिवाजाचा भाग होती, तरी २००४ मध्ये ती सुटी कॅलिफोर्नियातील मैदानाला देण्यात आली. याच काळात टेक्सास, लास व्हेगास, कॅन्सस आणि शिकागोजवळ दीड मैल लांबीचे, परस्परांशी बरेच साम्य असलेले ट्रॅक उभे राहिले. एका ट्रॅकवरची शर्यत दुसऱ्यापासून वेगळी ओळखू येत नाही, अशी चाहत्यांची तक्रार तेव्हापासून रूढ झाली.

या विस्तारामागे अर्थकारण होते आणि त्याला एका घटनेने गती दिली होती. १८ फेब्रुवारी १९७९ रोजी डेटोना ५०० ही शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रथमच राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर थेट दाखवण्यात आली. पूर्व किनाऱ्यावर हिमवर्षावामुळे लोक घरात अडकले होते, शेवटच्या फेरीत केल यारबरो व डॉनी ॲलिसन यांच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या, रिचर्ड पेटी जिंकले आणि मैदानाच्या कडेला हाणामारी झाली. दक्षिणेचा प्रादेशिक खेळ त्या दिवशी देशभर पोहोचला. २००१ पासून लागू झालेल्या एकत्रित प्रक्षेपण करारांमुळे संस्थेला मोठे उत्पन्न मिळाले, पण वेळापत्रक मैदानावरच्या प्रेक्षकापेक्षा पडद्यापुढच्या प्रेक्षकाचा विचार करू लागले. टेनेसीतील ब्रिस्टल येथे १९८२ पासून चालत आलेली सर्व तिकिटे संपण्याची परंपरा २०१० मध्ये खंडित झाली आणि पुढे डेटोनासह अनेक मैदानांनी आसने कमी केली. २०२५ पासूनचे प्रक्षेपण अनेक वाहिन्या आणि ॲमेझॉनच्या प्राइम सेवेत विभागले गेल्यामुळे पूर्ण हंगाम घरी पाहण्यासाठीही जुन्या प्रेक्षकाला एकाहून अधिक वर्गण्या भराव्या लागतात.

गावाशी असलेल्या नात्याचे बळ पाहायचे असेल, तर जॉर्जियातील डॉसनव्हिल हे उदाहरण पुरेसे आहे: पूर्वी चालक बिल एलियट आणि आता त्यांचा मुलगा चेस एलियट जिंकला की त्या गावातील एका उपाहारगृहाच्या छतावरील भोंगा वाजवला जातो. चाहत्यांची ही निष्ठा निष्फळही ठरलेली नाही. सदर्न ५०० ही शर्यत २०१५ मध्ये आपल्या सुटीला परतली, ओसाड पडलेला नॉर्थ विल्क्सबोरो चालक डेल अर्नहार्ट ज्युनिअर यांचा पाठपुरावा व सार्वजनिक निधी यांच्या साहाय्याने दुरुस्त होऊन मे २०२३ मध्ये तेथे ऑल-स्टार शर्यत झाली, आणि २०२५ मध्ये रॉकिंगहॅम येथे खालच्या स्तरांच्या राष्ट्रीय मालिका परतल्या.

तिसरा आणि सर्वांत तीव्र वाद विजेतेपदाचा आहे. १९७५ ते २००३ या काळात प्रत्येक शर्यतीतील क्रमांकानुसार गुण मिळत आणि वर्षाअखेर ज्याचे गुण सर्वाधिक तो विजेता ठरे. २००३ मध्ये मॅट केन्सेथ यांनी केवळ एक शर्यत जिंकून, पण अखंड सातत्याच्या जोरावर हे पद मिळवले. त्यानंतर नॅसकारने २००४ पासून ‘चेस’ पद्धत आणली, जिच्यात शेवटच्या दहा शर्यतींपूर्वी आघाडीच्या चालकांचे गुण जवळजवळ समान पातळीवर आणले जात. २०१४ पासून टप्प्याटप्प्याने बाद करण्याची पद्धत सुरू झाली आणि सोळांपैकी उरलेल्या चार चालकांमधून अखेरच्या एकाच शर्यतीवर विजेतेपद ठरू लागले. शिवाय २०१७ पासून प्रत्येक शर्यतीचे भाग पाडून त्यांच्या शेवटी पिवळा झेंडा, म्हणजे वेग कमी करून रांगेत फिरण्याचा इशारा, नियोजनपूर्वक दाखवला जाऊ लागला. छत्तीस शर्यतींचे कष्ट एका दुपारच्या योगायोगावर सोपवले जातात, हा जुन्या चाहत्यांचा आक्षेप २०२५ मध्ये फिनिक्स येथे विशेष ठळक झाला, कारण तेथे डेनी हॅमलिन दोनशेहून अधिक फेऱ्या आघाडीवर राहिले, पण अखेरच्या पिवळ्या झेंड्यानंतर मागे पडले, आणि एकाही फेरीत आघाडी न घेतलेले काइल लार्सन विजेतेपदाचे मानकरी ठरले. लार्सन यांच्या गुणवत्तेविषयी शंका नव्हती, शंका पद्धतीविषयी होती. जानेवारी २०२६ मध्ये नॅसकारने बाद करण्याची पद्धत रद्द करून सोळा चालकांच्या, दहा शर्यतींच्या चेसकडे परतण्याची घोषणा केली.

मात्र जुन्या चाहत्यांची स्मृती सर्वच बाबतींत विश्वसनीय साक्षीदार नाही. पूर्वीच्या शर्यती अधिक अटीतटीच्या होत्या, हा समज आकड्यांवर टिकत नाही: १९६५ च्या सदर्न ५०० मध्ये नेड जॅरेट तब्बल चौदा फेऱ्यांच्या अंतराने जिंकले, तर मे २०२४ मध्ये कॅन्सस येथे लार्सन यांनी क्रिस ब्युशर यांना एक सहस्रांश सेकंदाने मागे टाकले, आणि हे सर्वोच्च मालिकेतील आजवरचे सर्वांत कमी अंतर आहे. ज्या सुवर्णकाळाचे स्मरण केले जाते, त्यात मृत्यूही होता. २००० मध्ये ॲडम पेटी, केनी अर्विन ज्युनिअर व टोनी रोपर, आणि १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शेवटच्या फेरीत सात वेळचे विजेते डेल अर्नहार्ट, असे चार चालक एका वर्षाच्या आत गेले. त्यानंतर डोके व मान पुढे फेकली जाऊ नये म्हणून शिरस्त्राणाला खांद्यांवर बसणाऱ्या कॉलरशी जोडणारे ‘हान्स’ उपकरण वा तत्सम साधन अनिवार्य झाले आणि काँक्रीटच्या भिंतींपुढे पोलादी नळ्या व फोमचे ठोकळे असलेली, आघात शोषणारी ‘सेफर’ भिंत उभारली गेली. तेव्हापासून सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकाही चालकाचा मृत्यू झालेला नाही. त्याच जुन्या काळात, डिसेंबर १९६३ मध्ये, जॅक्सनव्हिल येथे वेंडेल स्कॉट हे सर्वोच्च मालिकेतील शर्यत जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय चालक ठरले, तेव्हा विजयाचा मान आधी दुसऱ्यालाच देण्यात आला आणि निकाल नंतर दुरुस्त झाला. गुलामगिरीचे रक्षण करू पाहणाऱ्या दक्षिणी राज्यसंघाच्या ध्वजावर २०२० मध्ये मैदानांवर घातलेली बंदी काही जुन्या प्रेक्षकांना रुचली नाही. परंतु ज्या परंपरेत स्कॉट यांच्यासारख्यांना प्रवेशद्वारापाशीच परके ठरवले जात होते, तिचा तो अंश जपण्याजोगा नव्हता.

या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या, म्हणजे चाहत्यांच्या साक्षीचे योग्य मोल कळते. त्यांनी प्रत्येक बदलाला विरोध केलेला नाही: ‘हान्स’ व ‘सेफर’ आज सर्वमान्य आहेत, आणि २०१२ मध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली तेव्हाही मोठा क्षोभ झाला नाही, कारण या बदलांनी चालकाचे, यांत्रिकाचे वा गावाचे श्रेय हिरावून घेतले नाही. विरोध झाला तो श्रम आणि फळ यांच्यातील दुवा तोडणाऱ्या बदलांना. सभासदांच्या मतदानावर नव्हे तर एका घराण्याच्या निर्णयावर चालणाऱ्या संस्थेत प्रेक्षकांकडे तिकीट घेणे किंवा न घेणे आणि आपले मत सांगत राहणे, याखेरीज दुसरा अधिकार नाही, तरीही डार्लिंग्टन, नॉर्थ विल्क्सबोरो, अश्वशक्ती आणि विजेतेपदाची पद्धत या चारही बाबतींत संस्थेला अखेर त्यांच्या दिशेने पावले टाकावी लागली. पुढील प्रत्येक सुधारणेपूर्वी तिने चाहत्यांना विचारायला हवे, ते त्यांचे म्हणणे सदैव बरोबर असते म्हणून नव्हे, तर या खेळात कोणाच्या कष्टाने काय मिळते याचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच ठेवला आहे म्हणून.