तृणमण्यातील विंचू

सिल्वासाच्या परिसरात भातखाचराच्या बांधावरचा काळा दगड उलटला असता त्याखाली कित्येकदा विंचू दृष्टीस पडतो. तो दगड दख्खनच्या लाव्हारसाचा असून त्याचे वय सुमारे 6.6 कोटी वर्षे आहे. विंचवाचे कूळ मात्र त्या दगडाहून पुष्कळच जुने. स्कॉटलंडच्या खडकांत सापडलेले त्याचे अवशेष 40 कोटी वर्षांहूनही मागचे आहेत. तथापि खडकातील अवशेष बहुधा दबून चपटे झालेले असतात. विंचू सर्वांगाने पाहावयाचा, तर तो तृणमण्यातच.

तृणमणी, म्हणजेच अंबर, हे खनिज नव्हे. वृक्षाच्या सालीतून पाझरलेली राळ गाळाखाली पुरली जाऊन कोट्यवधी वर्षांत कठीण होते, तेच अंबर होय. घासला असता हा मणी वाळलेली काडी ओढून घेतो, म्हणून त्यास हे नाव पडले. ओल्या राळेत बुडालेल्या जिवाच्या अंगावरील केसदेखील त्यात टिकून राहतात.

मुंग्या व चिलटे राळेत सहज अडकतात; विंचवाचे तसे नाही. तो बळकट व जमिनीलगत वावरणारा, त्यामुळे अडकलेले विंचू थोडे आणि प्रायः लहान चणीचे आहेत. म्यानमारमधील कचिन प्रांतातील तृणमणी सुमारे 9.9 कोटी वर्षांचा आहे. त्यातील एका विंचवाचे वर्णन पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील विल्सन लोरेन्सो यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे तेथील वीसहून अधिक जातींची नोंद झाली. दोन चिमटे, पाच पेरांची शेपटी, टोकास विषाची कुपी व वाकडी नांगी, पोटाखाली कंगव्यासारखे अवयव असा सगळा सरंजाम त्यांच्यापाशी आहे. बांधावरच्या विंचवाशी ताडून पाहिल्यास शरीराच्या आराखड्यात फरक शोधावा लागतो. बाल्टिक समुद्राकाठच्या, 3 कोटी वर्षांहून जुन्या तृणमण्यातील बहुतेक विंचू तर बुथिडी कुळातले आहेत. ज्याच्या दंशावर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध उपयोगात आणले, तो कोकणातील लाल विंचू याच कुळातला.

सिल्वासाच्या लाव्हारसाच्या खडकात तृणमणी मिळण्याचा संभव नाही. तप्त रसापुढे राळ टिकत नाही. परंतु उत्तरेस सुरत जिल्ह्याच्या मांगरोळ तालुक्यात वस्तान येथे, लिग्नाइटच्या थरांत तो विपुल सापडला. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी साल वृक्षाच्या कुळातील झाडांनी ही राळ गाळली. भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे 150 किलोग्रॅम तृणमण्यातून कीटक, कोळी इत्यादींचे 700 हून अधिक नमुने मिळाल्याचे नमूद आहे. त्यांचे नाते युरोप व आशियातील प्राण्यांशी जुळते. भारतभूमी दीर्घकाळ एकाकी बेट होती, तर तिच्यावरील जीव अगदी वेगळे असावयास हवे होते; या समजुतीस त्यामुळे धक्का बसला.

लिग्नाइट हे इंधन आहे आणि राळही चांगली पेटते. कोळशाबरोबर भट्टीत गेलेला पिवळसर खडा पुन्हा हाती येत नाही. असा खडा आढळल्यास तो तापवू नये, तसेच रसायनांनी धुऊ नये. वस्तानचा तृणमणी काही द्रावकांत विरघळतो. कोणत्या थरात मिळाला याची चिठ्ठी सोबत ठेवून तो कोरड्या डबीत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडे किंवा नजीकच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडे द्यावा.