प्रतिपिंड घडतात कोठे? श्वानदंशाच्या निमित्ताने

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील सातव्या अध्यायात अलर्कविषाचे वर्णन आहे. तेथे आचार्यांनी जलत्रास हे अरिष्टलक्षण मानले आहे. पिसाळलेल्या श्वानाच्या दंशानंतर पाण्याचे भय उत्पन्न झाले की रुग्ण हाती लागत नाही, हे निरीक्षण आजही खरे आहे. म्हणूनच या व्याधीत जे साधावयाचे ते लक्षणे प्रकट होण्यापूर्वीच साधावे लागते.

काही वर्षांपूर्वी वारंगा फाटा येथील माझ्या दवाखान्यात एक शेतमजूर पोटरीची जखम दाखवावयास आला. कुत्रा चावून नऊ दिवस झाले होते. घरच्यांनी प्रथम जखमेत हळद दाबली होती. पुढे रुग्णालयात जखमेत सीरम भरले गेले व लसीचे पहिले दोन डोसही झाले. सातव्या दिवशी मात्र हळदीची काढणी सुरू असल्याने तो गेला नाही. "जखम भरली, आता सुई कशाला?" असे तो म्हणाला. सोबतच्या मुलाने विचारले, "डॉक्टरसाहेब, तेच औषध पुन्हा पुन्हा कशासाठी?" मी दरडावून त्यांना रुग्णालयात पाठविले खरे, परंतु मुलाच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देता आले नाही, ही रुखरुख राहिली. त्या उत्तराचा मोठा भाग जर्मिनल सेंटर या सूक्ष्म रचनेत दडलेला आहे.

लसीकाग्रंथीतील तालीम

जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८० च्या दशकात लसीकाग्रंथींमध्ये वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींचे पुंजके पाहिले. या पेशी येथेच जन्मतात अशा समजुतीने त्यांनी हे नाव दिले. मराठीत आपण त्यास अंकुरकेंद्र म्हणू. बी पेशींचा उगम अस्थिमज्जेत होतो हे पुढे कळले. नाव मात्र टिकले.

दंडात लस टोचली की तिच्यातील प्रतिजन काखेतील लसीकाग्रंथीत पोहोचते. तेथे त्याच्याशी थोडेफार जुळणाऱ्या बी पेशी जागृत होतात. त्यांपैकी काही तत्काळ प्रतिपिंड बनवू लागतात. पण त्यांची पकड बहुधा सैल असते. इतर काही पेशी टी पेशींच्या साहाय्याने साधारण आठवडाभरात अंकुरकेंद्र उभे करतात.

या केंद्राचे दोन विभाग असतात. गडद विभागात बी पेशी झपाट्याने विभागतात आणि त्यांच्या प्रतिपिंडाच्या जनुकात जाणूनबुजून चुका घडविल्या जातात. एआयडी नावाचे विकर हे काम करते. जपानचे तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने ते १९९९ मध्ये शोधले. या उत्परिवर्तनांचा वेग शरीरातील नेहमीच्या वेगाच्या सुमारे दहा लाख पट असतो. फिक्या विभागात परीक्षा होते. तेथील विशिष्ट पेशींनी प्रतिजन धरून ठेवलेले असते. ज्या बी पेशीची पकड घट्ट, ती अधिक प्रतिजन खेचून घेते व तिला टी पेशींचे अधिक साहाय्य मिळते. उरलेल्या बहुसंख्य पेशी मरतात. उत्तीर्ण झालेल्या पेशी पुन्हा गडद विभागात जातात आणि हे चक्र चालू राहते.

आयसेन व सिस्किंड यांनी १९६४ मध्ये सशांवर प्रयोग करून दाखविले, की लसीकरणानंतर जसजसा काळ जातो तसतशी प्रतिपिंडांची पकड घट्ट होते. केंद्रातून बाहेर पडलेल्या काही पेशी अस्थिमज्जेत ठाण मांडून दीर्घकाळ प्रतिपिंड स्रवतात. काही स्मृतिपेशी होऊन राहतात.

उसने बळ आणि स्वतःचे बळ

आता रुग्णालयातील उपचाराचा क्रम पाहावा. जखमेत भरले जाणारे सीरम म्हणजे तयार प्रतिपिंड. ते घोड्यापासून मिळविलेले असेल, तर त्यामागे वारंवार लस दिलेल्या घोड्याच्या अंकुरकेंद्रांचे श्रम असतात. सर्पदंशावरील प्रतिविषही याच रीतीने घडते. हे बळ उसने असते व काही आठवड्यांत ओसरते. लसीच्या पहिल्या डोसानंतर सात दिवस उलटल्यावर सीरम देत नाहीत, कारण तोपर्यंत शरीराचे स्वतःचे प्रतिपिंड निर्माण होऊ लागलेले असतात.

भारतातील प्रचलित पद्धतीनुसार लस स्नायूत ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी, तर त्वचेत ०, ३, ७ व २८ या दिवशी देतात. प्रारंभीचे डोस तालमीस लागणारे प्रतिजन त्वरेने पुरवितात. शेवटचा डोस तालीम झालेल्या पेशींना पुन्हा आव्हान देतो. पूर्वी संपूर्ण लसीकरण झालेल्या व्यक्तीस पुन्हा दंश झाल्यास ० व ३ या दिवशी दोनच डोस पुरतात आणि सीरम लागत नाही. स्मृतिपेशींचा याहून ठळक पुरावा कोणता?

आपले कर्तव्य

चरकाचार्यांनी सहज, कालज व युक्तिकृत असे त्रिविध बल सांगितले आहे. लसीने मिळणारे बल युक्तिकृत मानावयास हरकत नसावी. मात्र अंकुरकेंद्रे आपल्या ग्रंथांत होती असा दावा कोणी करू नये. रसायन व आहार यांनी बलसंवर्धन होईल. परंतु रेबीजच्या विषाणूस नेमके चिकटणारे प्रतिपिंड रेबीजचेच प्रतिजन भेटल्याखेरीज घडत नाहीत. कोणतेही चूर्ण वा अवलेह त्या डोसाची जागा घेऊ शकत नाही, हे रुग्णास आपणच सांगितले पाहिजे. आपल्या शब्दावर त्याचा विश्वास असतो.

श्वानदंशाचा रुग्ण आल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू देऊ नये. शक्यतो टाके टाळावेत व रुग्णास त्वरित लसीकरणासाठी पाठवावे. एखादा डोस चुकला असेल तर पुढील क्रम लगेच चालू करावा. प्रारंभापासून आरंभ करण्याची गरज नसते. औषधविक्रेत्या बंधूंनी लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राखावी व ती गोठू देऊ नये. बिघडलेल्या लसीने अंकुरकेंद्र नीट उभे राहणार नाही, आणि ते बाहेरून कोणास दिसणारही नाही.

त्या शेतमजुराने उरलेले डोस पूर्ण केले. आता असा रुग्ण आला की मी त्याच्या काखेकडे बोट दाखवून सांगतो, "इथे तुझ्या पेशींची तालीम चालू आहे. ती अर्ध्यावर सोडू नकोस." लसीच्या तारखा मी त्याच्या चिठ्ठीवर लिहून देतो व त्याच तारखा माझ्या वहीतही नोंदवितो. वाचकांनीही अशी एक वही ठेवावी, ही विनंती.