दूरचं युद्ध, दारचा कापूस

1965च्या सुमाराला मी नऊ-दहा वर्षांची होते. बाबांची कापसाची गाडी खामगावच्या बाजारात लागली की व्यापारी यायचा, कापसात कोपरापर्यंत हात खुपसायचा, आतली चिमूट काढून तंतू ओढून बघायचा आणि भाव सांगायचा. आईनं आणि मी महिनाभर केलेल्या वेचणीचा निकाल एवढ्यात लागायचा. परतताना मी एकदा विचारलं, "बाबा, भाव कोण ठरवते?" "मुंबईवाले." "अन् त्यांना कोण सांगते?" बाबांनी उत्तर दिलं नाही. पुढं शाळेत इतिहास शिकवायला लागले, तेव्हा ते उत्तर मला पुस्तकांत सापडत गेलं.

एप्रिल 1861मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतली राज्यं गुलामांच्या कष्टावर कापूस पिकवत आणि तो विकून बंदुका आणत. हे उत्पन्नच तोडायचं म्हणून 19 एप्रिलला अब्राहम लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. सुमारे साडेपाच हजार किलोमीटरचा किनारा आवळत न्यायचा, अजगर सावज आवळतो तसा, म्हणून या डावपेचाला नावही अजगरी योजना असंच पडलं. दक्षिणेचा डाव उलटा होता. आपणच कापूस अडवून धरला की इंग्लंडच्या गिरण्या बंद पडतील आणि इंग्लंड झक मारत आपल्या बाजूला येईल, असा तिथल्या पुढाऱ्यांचा हिशेब. कापूस दोन्हीकडचं शस्त्र झाला.

1861मध्ये अमेरिकेतून ब्रिटनला वीस लाखांवर गाठी गेल्या होत्या. 1862मध्ये गेल्या जेमतेम 55 हजार. लँकेशायरच्या गिरण्यांचे भोंगे थांबले, लाखो कामगारांच्या चुली विझल्या. तरीही 31 डिसेंबर 1862ला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकनना पाठिंब्याचं पत्र धाडलं, कारण त्यांना गुलामगिरी नको होती. जानेवारीत लिंकननी त्यांना उत्तर लिहिलं. वर्गात हा प्रसंग सांगताना माझा आवाज दर वेळी भरून येई. उपाशी माणसांनी आपला वाटा समजून-उमजून उचलला होता.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला मात्र कुणी काही विचारलं नाही. गिरण्यांना कापूस हवा, म्हणून मुंबईचे व्यापारी सावकारांना पैसा पुरवू लागले आणि सावकार गावोगाव तो वाटू लागले. कापसाखालच्या एकराला शंभर रुपये उचल मिळत होती. 1860 ते 1864 या चार वर्षांत मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात कापसाचं क्षेत्र दुप्पट झालं. 1862मध्ये ब्रिटनमध्ये उतरणारा बहुतांश कापूस हिंदुस्थानचा होता. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या हातात पैसा खेळू लागला, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले.

9 एप्रिल 1865ला दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. अमेरिकेचा कापूस परत येणार हे कळताच भाव कोसळले. मुंबईत पेढ्या बुडाल्या, त्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. पण गावात काय झालं? उचल देणारा हात आखडला आणि जुन्या बाकीचा तगादा सुरू झाला. त्यातच 1867पासून नव्या आकारणीत शेतसारा कुठं दीडपट, कुठं दुप्पट झाला. कर्जरोख्याची मुदत कायद्यानं तीन वर्षांची होती, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिसळून नवा कागद करून घेत. न वाचता येणारा कुणबी अंगठा उठवत राहिला. अखेर 12 मे 1875ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे मागितले आणि त्यांची होळी केली. दख्खनचे दंगे म्हणून तो उठाव ओळखला जातो. 1879मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला, तोवर लाखोंचा बळी घेणारा 1876चा दुष्काळही येऊन गेला होता.

खुला बाजार म्हणजे मागणी वाढली की माल वाढेल आणि सगळ्यांचं भलं होईल, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. युद्धाच्या काळात मागणी वाढली, माल वाढला, गिरण्यांना कापूस मिळाला. इथवर ते खरं ठरलं. पण भाव पडल्यावर व्यापारी दुसऱ्या धंद्यात गेला, गिरणीवाला पुन्हा अमेरिकेकडे वळला आणि शेतकरी जमिनीला आणि कर्जाला बांधलेला तिथंच राहिला. जगाच्या साधनसंपत्तीची न्याय्य वाटणी म्हणतात तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा नुकसानीची वाटणी येते. चढत्या भावात दहा जण वाटेकरी असतात, पडत्या भावात एकटा शेतकरी उरतो.

महाराष्ट्रानं हे बदलायचा प्रयत्न केला होता. 1972मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. हमीभाव द्यायचा, नफ्यातला काही भाग पडत्या वर्षासाठी राखून ठेवायचा, ही तिच्यामागची कल्पना. पुढं ती योजना तोट्यात रुतली आणि मोडली. पण चांगल्या सालातलं वाईट सालासाठी ठेवायचं, ही आमच्या घरातल्या धान्याच्या कणगीइतकी जुनी समज आहे, आणि ती आजही मला खरी वाटते.

ऑगस्ट 2025मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर पन्नास टक्के आयात शुल्क लादलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारनं परदेशी कापसावरचं अकरा टक्के शुल्क काही महिन्यांसाठी उठवलं. कापड गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती, त्यांची अडचण खरी होती. पण तेव्हा विदर्भात पऱ्हाटीला बोंडं धरत होती आणि वेचणी तोंडावर आली होती. माझा भाचा बाबांचंच वावर कसतो. त्याचा फोन आला, "मावशी, अमेरिकेचं भांडण, अन् भाव आपला कसा पडते?"

साठ वर्षांपूर्वी बाबांना जे सांगता आलं नव्हतं, ते मी त्याला 1861पासून सांगायला घेतलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे तवापासून आपल्याले कोणी विचारलंच नाही."