बाई, हा व्हिडिओ पाठवू का?



2025 सालचा जून महिना ठाणे, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण या आपल्या पट्ट्यातली माणसं सहजासहजी विसरणार नाहीत. 9 जूनला सकाळी ऐन गर्दीच्या वेळी मुंब्रा स्टेशनजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जात होत्या. तेव्हा दारात लटकलेले काही प्रवासी खाली पडले. चार जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी, 12 जूनला, अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाण करताच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या 242 पैकी 241 जण आणि जमिनीवरचे 19 जण गेले. विमानाच्या कर्मचाऱ्यांत आपल्या ठाणे जिल्ह्यातलीही माणसं होती.

पुढच्या आठवड्यात शाळा उघडली. पहिल्याच दिवशी वर्गात एकानं विचारलं, "बाई, आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर त्या अपघाताचा व्हिडिओ आलाय. खाली लिहिलंय, सगळ्यांना पाठवा म्हणजे लोक सावध होतील. मग पाठवायला काय हरकत आहे?"

मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "माझे बाबा रोज त्याच गाडीनं जातात. मला नाही बघायचं."

सगळा वर्ग गप्प झाला. दोघांचंही म्हणणं मनापासूनचं होतं. म्हणूनच हा प्रश्न आज तुमच्यापुढे आणि तुमच्या आईबाबांपुढेही ठेवतेय.

अपघाताच्या चित्रांचा उपयोग होतो का? होतो की! अहमदाबादचंच बघा. विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी विभागानं एका महिन्यात, म्हणजे जुलै 2025 मध्ये, पहिला अहवाल दिला. विमानतळावरच्या कॅमेऱ्यातल्या चित्रात विमानाच्या पोटाखालून एक छोटा पंखा बाहेर आलेला दिसतो, असं त्यात म्हटलं आहे. हा पंखा एरवी आतच असतो. विमानाची नेहमीची वीज किंवा ताकद गेली की तो बाहेर येतो आणि वाऱ्यावर फिरून थोडीफार वीज पुरवतो. बघा, आपल्याला साधा ठिपका वाटेल अशा गोष्टीतून जाणकारांना केवढी माहिती मिळते! विमानतळाजवळच्या एका गच्चीवरून 17 वर्षांच्या एका मुलानंही ते विमान मोबाइलवर टिपलं होतं. पोलिसांनी साक्षीदार म्हणून त्याचा जबाब घेतला.

म्हणजे व्हिडिओ काढणं दरवेळी वाईटच असतं असं नाही. प्रश्न आहे तो पुढे कुणाच्या हाती जातो, हा. तपास करणाऱ्याच्या हातात तो पुरावा असतो. बिल्डिंगच्या ग्रुपवर मात्र तो बऱ्याचदा नुसता तमाशा होतो.

विमानांच्या जगात याबद्दल फार विचार झालेला आहे बरं का! वैमानिकांचं बोलणं विमानातल्या यंत्रात नोंदवलं जातं. पण ते रेकॉर्डिंग लोकांना ऐकवायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. अहवालात तपासासाठी लागेल तेवढंच येतं. तपासाचा हेतूही ठरलेला असतो. कुणाला दोषी ठरवणं हा तो हेतू नसतो. पुन्हा तसा अपघात होऊ नये, एवढंच पाहायचं असतं.

आता तुम्ही म्हणाल, 'पण बाई, भीती वाटली की माणूस सुधारतो ना?'

कधी कधी सुधारतो. पण जरा डोंबिवली स्टेशनावर सकाळी आठ वाजता उभं राहून बघा. दारात लटकणारा प्रत्येक जण काही गंमत म्हणून लटकत नसतो. आत पाय ठेवायला जागा नसते आणि ऑफिसला लेटमार्क लागणार असतो. त्याला पडलेल्या माणसाचं चित्र दाखवून काय होणार? तो आधीच घाबरलेला आहे! त्याला हवी आहे जादा गाडी आणि बंद होणारं दार. मुंब्र्याच्या अपघातानंतर रेल्वेनं त्याच दिवशी जाहीर केलं, की मुंबईसाठीच्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील. खच्चून भरलेल्या गाडीचा फोटो काढून रेल्वेकडे तक्रार केली, तर तो फोटो कामाचा. रुळाजवळ पडलेल्या माणसाचा फोटो कुणाच्याच कामाचा नाही.

शिवाय तो माणूस कुणाचा तरी बाबा असतो, कुणाची तरी ताई असते. घरी फोन जायच्या आधीच त्याच्या मुलानं मोबाइलवर ते चित्र पाहिलं तर? नुसती कल्पना करा. जो पडला, त्याला 'तुमचा फोटो पाठवू का?' असं कुणी विचारलेलं नसतं.

मग शिकवायचं कसं? दोन खरी उदाहरणं सांगते.

पहिलं टोकियोचं. 2 जानेवारी 2024 रोजी हानेडा विमानतळावर उतरताना जपानी प्रवासी विमानाची तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाशी टक्कर झाली आणि आग लागली. छोट्या विमानातले पाच जण गेले. पण प्रवासी विमानातले सगळेच्या सगळे 379 जण बाहेर पडले. का? कारण कर्मचाऱ्यांनी सांगितलं ते लोकांनी ऐकलं आणि सामान आतच सोडलं. धुरानं भरलेल्या त्या विमानातली दृश्यं जगानं पाहिली. त्यातून शिकायला मिळतं, कारण माणसं कशी वाचली हे त्यात दिसतं.

दुसरं आपल्या मुंबईचं. जुलै 2024 मध्ये लोकलला लटकून फलाटावर पाय घासत जाणाऱ्या एका तरुणाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. रेल्वे पोलीस त्याला शोधत घरी गेले, तर समजलं की नंतरच्या अशाच एका स्टंटमध्ये त्यानं एक हात आणि एक पाय गमावलाय. मग त्यानं स्वतःच इतरांना सांगितलं, असं करू नका. रेल्वेनं ते लोकांपर्यंत पोहोचवलं. त्यात ना अपघात दाखवायची गरज पडली, ना रक्त. जो भोगतोय, तो स्वतःच्या तोंडानं बोलला.

तर मित्रांनो, असा व्हिडिओ आला की बोट लावण्याआधी मनाशी चार प्रश्न विचारा. अपघात का झाला आणि तो कसा टळला असता, हे यातून कळतं का? यातल्या माणसाच्या घरच्यांना हे चालेल का? ज्यांना पाठवतोय, त्यांत कुणी लहान मूल आहे का? आणि हा खरंच त्याच अपघाताचा आहे, हे मला ठाऊक आहे का? एकाही प्रश्नाचं उत्तर चुकीचं आलं, तर तो पुढे पाठवू नका. आणि समोरच अपघात घडला, तर मोबाइल काढा तो 112 लावायला. रेल्वेत असाल तर 139.

पालकांनो, एक विनंती तुम्हालाही. मुलांनी असं काही आधीच पाहिलं असेल, तर रागावू नका. जवळ बसवा आणि काय वाटलं ते विचारा. मोठी माणसं काही बोललीच नाहीत, तर मुलं ती भीती मनातच ठेवतात.

या रविवारी एक काम करू या. दारातल्या गर्दीबद्दल एक पोस्टर काढा. अट एकच, त्यात अपघात दाखवायचा नाही! तरी बघणाऱ्यानं पाय आत घेतला पाहिजे. जमतंय का बघा आणि तुमचं चित्र आम्हाला जरूर पाठवा.